गळ्याशी आलेलं झाड

झाडाचं रक्षण व्हावं म्हणून बसवलेला लोखंडी पिंजराच त्याच्या गळ्याचा फास झाला. पुण्यातल्या एका चहाच्या टपरीवर जमणाऱ्या आम्ही पाच-सहा जणांनी तो फास कसा कापला, त्याची ही गोष्ट. वाचा, आणि उद्या ऑफिसला जाताना एकदा फुटपाथकडेही बघा!

सकाळी साडेनऊची वेळ. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात मोबाइल, खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि डोक्यात डेडलाइन! कर्वे रोडला लागून असलेल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टपरी आहे. आसपासच्या ऑफिसांतली निम्मी जनता दिवसाची सुरुवात तिथेच करते. माझ्यासारख्या फ्रीलान्सर मंडळींना तर ऑफिसच नसतं, त्यामुळे माझं ऑफिस, कॅन्टीन आणि मीटिंग रूम सगळं तीच. टपरीवरच्या मामांना सगळ्यांचे चहा पाठ आहेत. कुणाचा बिनसाखरेचा, कुणाचा आल्याचा आणि महिनाअखेरीला कुणाचा उधारीचा!

या सगळ्या कारभारावर सावली धरतं ते एक करंजाचं झाड. खरं सांगू? तीन वर्षं मी त्याच्याखाली चहा पीत होते, पण ते करंजाचं आहे हे मला त्याच्यावर संकट आल्यावर कळलं. तोवर ते नुसतं 'टपरीवरचं झाड' होतं. बॅग अडकवायला बरं!

गेल्या वर्षी फेब्रुवारीत झाडानं पानं टाकली. त्यात विशेष काही नव्हतं. करंज दरवर्षी याच दिवसांत झडतो आणि मग चकचकीत पोपटी पालवीनं भरून जातो. पण त्या वर्षी पाडवा झाला, रामनवमी झाली, तरी रस्त्याकडची बाजू बोडकीच. दुसऱ्या बाजूला पालवी आली, तीही बारकी आणि पिवळट.

समोरच्या सोसायटीत कुजबुज सुरू झाली. 'वाळलंय ते. वळवाच्या पावसात गाड्यांवर पडलं म्हणजे?' सेक्रेटरी काकांनी झाड काढण्यासाठीच्या अर्जाचा मसुदाही तयार केला. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. झाडाखाली रोज टू-व्हीलरची रांग लागते, शाळेची व्हॅन थांबते. मामा मात्र गप्प-गप्प झाले. झाड गेलं तर मे महिन्याच्या उन्हात टपरीवर थांबणार कोण? "ताई, तुम्ही पेपरवाल्या ना? बघा की काहीतरी," एवढंच म्हणाले.

आता पेपरवाली झाडाचं काय बघणार! मास कम्युनिकेशनला आम्हाला प्रेस लॉ शिकवला, कॅमेरा शिकवला. झाड काही शिकवलं नाही. तरी सवयीनं मी आधी जवळ जाऊन नीट बघितलं. आणि जे दिसलं, त्यानं हातातला चहा हातातच निवला.

झाडाभोवती लोखंडी ट्री-गार्ड होतं. चार उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणारी गोल कडी आणि वर एक गंजकी पाटी. पाटीवर 'यांच्या सौजन्याने' एवढं वाचता येत होतं आणि खाली साल, २००६. सौजन्य कुणाचं, ते गंजानं खाल्लेलं. खालची कडी कधीच तुटून गेली होती. छातीच्या उंचीवरचं कडं मात्र शाबूत होतं. शाबूत म्हणजे काय, जवळजवळ निम्म्या घेरात ते दिसतच नव्हतं, सालीच्या आत गडप! त्याच्या वर खोड टायरसारखं फुगलेलं, खाली एकदम बारीक. वर कुणीतरी कधीतरी लायटिंगसाठी गुंडाळलेली वायर, तीही रुतलेली. चार साइझ लहान झालेला पट्टा कुणी हट्टानं आवळून घातला तर पोट कसं दिसेल? डिट्टो तसंच!

पाणी चढतंय, जेवण उतरत नाहीये

माझ्या एका मैत्रिणीची आई निवृत्त होईपर्यंत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होती. मी काकूंना फोटो पाठवले. दहाव्या मिनिटाला त्यांचा फोन. "अगं, हे गर्डलिंग आहे. कुणाला काही ओढू देऊ नकोस. मी येते."

शाळेत आपण जलवाहिनी आणि रसवाहिनी पाठ केलं होतं, आठवतंय? मीही मार्कांपुरतंच केलं होतं. काकूंनी टपरीच्या बाकड्यावर बसून तो धडा पुन्हा घेतला. मुळांनी शोषलेलं पाणी खोडातल्या लाकडातून, म्हणजे जलवाहिन्यांतून, वर चढतं. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीच्या आतल्या थरातून, म्हणजे रसवाहिन्यांतून, खाली मुळांपर्यंत येते. या दोन्हींच्या मध्ये असतो कॅम्बियम नावाचा पातळसा जिवंत थर. खोड जाड होतं ते त्याच्या जिवावर.

बाहेरून फास बसला की आधी चिरडतात त्या रसवाहिन्या. पाणी वर चढत राहतं, म्हणून झाड हिरवं दिसतं. पण वर शिजलेलं जेवण खाली उतरत नाही. ते फासाच्या वरच अडकतं आणि तिथे खोड फुगतं. मग मुळं काय खातात? साठवलेलं. ही शिल्लक काही महिने, कधी काही वर्षंही पुरते. ती संपली की मुळं मरायला लागतात, पाणीही चढेनासं होतं आणि आपल्याला झाड 'अचानक' वाळलेलं दिसतं!

"अचानक काही नसतं गं," काकू म्हणाल्या. "पगार बंद झालेला माणूससुद्धा बचतीवर चार महिने झकास दिसतो." फ्रीलान्सरला हे उदाहरण वेगळं समजावून सांगावं लागत नाही!

हे ज्ञान तसं जुनं आहे. मार्सेलो मालपिगी या इटालियन शास्त्रज्ञानं सतराव्या शतकातच खोडावरून सालीचं कडं काढून बघितलं होतं. कड्याच्या वरचा भाग फुगला, आणि अन्न सालीतून खाली उतरत असणार हे त्यानं ओळखलं. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना तर ही युक्ती हातची आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत वेलीच्या सालीची अगदी बारीक चकती मुद्दाम काढतात. अन्न वरच राहतं, मणी फुगतात, आणि काही आठवड्यांत जखम भरून येते. डाळिंबाचं गुटी कलम बांधताना फांदीची साल गोल काढतात, ती याचसाठी. अडकलेल्या अन्नावर तिथेच मुळं फुटतात. आणि ब्रह्मदेशात सागवान तोडण्याआधी ते उभ्या-उभ्या सुकावं म्हणून खोडाभोवती खोल खाच घेत.

म्हणजे बघा, रेघ तीच. बारीक असली आणि वेळेत भरली, तर द्राक्षं टपोरी. खोल आणि कायमची असली, तर झाड खल्लास. आमच्या करंजाच्या गळ्यात दुसऱ्या जातीची रेघ होती.

पण २००६ साली सैल असलेलं कडं एवढं घट्ट झालं कसं? झाड उंच होतं ते शेंड्याला. खोड मात्र आहे तिथेच जाड होत जातं. म्हणून तर कॉलेजच्या झाडावर कुणी कोरलेला बदाम दहा वर्षांनीही त्याच उंचीवर सापडतो! आमचं कडंही छातीच्या उंचीवर जागच्या जागी राहिलं. आणि खोडाचा व्यास १ सेंटिमीटरनं वाढला की घेर ३ सेंटिमीटरहून जास्त वाढतो. लोखंडाचा घेर काही वाढत नाही. हिशेब एवढाच.

ऑपरेशन संडे

काकू तिथून थेट सेक्रेटरी काकांकडे गेल्या. मला वाटलं, आता भांडण! पण त्या म्हणाल्या, "आधी झाड तपासून घेऊ. पडण्याचा धोका असेल तर तुमच्या अर्जावर पहिली सही माझी." या एका वाक्यानं हवाच बदलली. काकांनी आपला अर्ज खिशात ठेवला आणि आमच्यासोबत वॉर्ड ऑफिसात आले. ट्री-गार्ड काढण्याचा आणि झाड तपासण्याचा अर्ज आम्ही दिला. त्या आठवड्यात उद्यान विभागाचे एक अनुभवी माळीकाका आले.

त्यांनी लाकडी मोगरीनं खोड सगळीकडून ठोकून, कान लावून ऐकलं. कुठेही पोकळ आवाज नव्हता. बोडक्या फांद्यांची साल नखानं हलकेच खरवडली. दोन फांद्या आतून कोरड्या, तपकिरी. त्या गेलेल्या होत्या. बाकीच्या आतून ओल्या आणि हिरव्या. मग त्यांनी कड्याभोवती बोट फिरवलं. निम्म्याहून थोड्या जास्त घेरात कडं अजून सालीच्या बाहेर होतं. "एवढा रस्ता उघडा आहे," ते म्हणाले. "पूर्ण गोल रुतलं असतं तर त्याच झाडाच्या काड्या घेऊन जखमेवर पुलासारखं कलम बांधावं लागलं असतं. इथं कडं सोडवलं तर झाड स्वतःच बघंल."

रविवारी सकाळी आठला सगळे हजर. आयटीतला एक मुलगा, समोरच्या बँकेतली एक मुलगी, माझी रूममेट, सेक्रेटरी काका, मामा आणि गल्लीतला फॅब्रिकेटर त्याचं ग्राइंडर घेऊन. फॅब्रिकेटर म्हणाला, "पाच मिनिटांचं काम!" माळीकाकांनी त्याचा हात धरला. ग्राइंडरची ठिणगी आणि तापलेलं लोखंड, दोन्ही सालीखालचा जिवंत थर भाजून काढतात. तेव्हा उभ्या पट्ट्यांना आणि जिथे कडं सालीपासून बोटभर लांब होतं तिथे ग्राइंडर, बाकी सगळीकडे हॅकसॉ. पाच मिनिटांचं काम अडीच तास चाललं. कीबोर्डवर धावणारी आमची बोटं अर्ध्या तासात फोडांनी भरली, ते सांगायला नकोच.

कड्याचे तुकडे पडत गेले. मोकळे भाग सहज निघाले. रुतलेल्या भागाचं एक टोक मी पकडीनं धरलं आणि जरा ओढलं, तर साल लोखंडासोबत उचकटायला लागली! "सोडा!" माळीकाका ओरडले. मी हादरलेच. झाड वाचवायला आलेली मीच त्याची साल सोलायला निघाले होते.

त्यांनी मग दाखवलं. रुतलेल्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या बाजूनं झाडाचे जाडजूड 'ओठ' पुढे आले होते आणि दोन ठिकाणी ते लोखंडावर एकमेकांना भिडून जुळलेही होते. म्हणजे झाडानं अडथळ्यावरून आपला नवा रस्ता बांधायला घेतला होता. पट्टी उपटली असती तर तोच रस्ता उखडला असता. "आत आहे ते राहू दे. झाड गिळंल त्याला," माळीकाका म्हणाले. "फास असतो तो पुऱ्या गोलाचा. गोल तुटला की ते नुसतं लोखंड."

ही गोष्ट मला फार पटली. सगळं उपसून, साफ करून टाकणं म्हणजेच बरं होणं, असं आपल्याला वाटतं. झाडाचा हिशेब वेगळा आहे. त्याला फक्त आवळणं थांबायला हवं होतं.

वायर मात्र बारीक तुकडे करून बरीचशी निघाली. सेक्रेटरी काकांनी उत्साहानं ऑइलपेंटचा डबा आणला होता. कुणीतरी सिमेंट भरण्याचंही सुचवलं. काकूंनी दोन्ही परत पाठवलं. ॲलेक्स शिगो या अमेरिकन शास्त्रज्ञानं चिरलेल्या झाडांच्या जखमा वर्षानुवर्षं अभ्यासल्या आणि १९७० च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही; ते दुखावलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवून तो बंद करतं. रंगानं किंवा सिमेंटनं त्याला मदत होत नाही, उलट आत ओल कोंडू शकते. त्या दिवशी झाडाला लागला तो फक्त स्वच्छ वारा. आणि आम्हाला मामांकडून फुकट चहा!

'करंजी' ग्रुप

खरं काम त्यानंतर सुरू झालं. उपाशी राहिलेल्या मुळांना आधी पाणी आणि हवा हवी होती. बुंध्याला तर पेव्हर ब्लॉक अगदी चिकटून बसवलेले! २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश देताना बुंध्याभोवतीचं १ मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. झाडांवरच्या पाट्या आणि विजेच्या ताराही उतरवायला सांगितल्या होत्या. त्याचं कात्रण जोडून आम्ही दुसरा अर्ज दिला. ब्लॉक निघाले. मोकळ्या मातीवर आम्ही वाळका पाला पसरला, बुंध्याला न टेकवता.

पाणी कुणी कधी घालायचं यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. नाव अर्थातच 'करंजी'! आठवड्यातून दोनदा, सावकाश, बुंध्यावर न ओतता जरा लांबून वर्तुळात. खत अजिबात नाही. उपाशी माणसाला लगेच पंक्तीत बसवत नाहीत, तसंच. गेलेल्या दोन फांद्या रीतसर परवानगीनं उद्यान विभागानं कापल्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव आला. आणि काय आला! रात्री दहाला वीज गेली, वारा सुटला. कड्याच्या जागी खोड बारीक होतं, तिथूनच ते मोडण्याची भीती माळीकाकांनी आधीच सांगून ठेवली होती. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही वादळी दिवसांत झाडाखाली गाड्या न लावण्याचा नियम केला होता. 'करंजी'वर मेसेजची झुंबड. मी बाल्कनीत उभी. विजेच्या उजेडात शेंडा पार वाकताना दिसायचा, आणि मग अंधार. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की, ज्याचं नावही माहीत नव्हतं त्या झाडासाठी आपल्या पोटात गोळा येतोय.

सकाळी खाली धावले. कोपऱ्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स आडवा झाला होता. करंज उभा होता. सेक्रेटरी काका माझ्याआधीच येऊन त्याच्या खोडावरून हात फिरवत होते. मला बघितल्यावर म्हणाले, "वॉकला निघालो होतो." पायात स्लीपर होत्या!

सौजन्य कुणाचं?

तेव्हापासून मला एक खोड लागलीय. रस्त्यानं चालताना झाडांचे गळे बघते. एका संध्याकाळी नळ स्टॉपपासून चालत निघाले आणि मोजताना हाताची बोटं संपली. कुठे ट्री-गार्डचं कडं, कुठे केबलची वायर, कुठे फ्लेक्स बांधलेला नायलॉनचा दोर, कुठे लायटिंगच्या तारा. वटपौर्णिमेचं सुती दोरं ऊन-पावसानं कुजून गळून जातं. नायलॉन आणि लोखंड तसं करत नाही. ते वाट बघतं.

आपल्या राज्यात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ सालचा कायदा आहे. त्यात 'झाड तोडणे' याची व्याख्या बघितलीत तर चकित व्हाल. नुसतं कापणं किंवा जाळणंच नाही, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा त्यात येतं. २०१८ मध्ये पुण्यातल्या काही तरुणांनी झाडांवरचे खिळे उपटायची मोहीम सुरू केली, तेव्हा खिळा ही इजा आहे हे अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. फासाचं तसं अजून झालेलं नाही. कारण खिळा ठोकणारा दिसतो. फास मात्र कुणी वाईट हेतूनं घातलेला नसतो. उलट, आमच्या करंजाभोवती ते कडं कुणीतरी प्रेमानंच बसवलं होतं. गाई-गुरांपासून रोप वाचावं म्हणून. आणि ते वाचलंही! चूक बसवण्यात नव्हती. चूक परत न येण्यात होती.

झाड लावण्याचा कार्यक्रम होतो, फोटो निघतो, पाटी लागते. गार्ड काढण्याचा कार्यक्रम कधी कुणी ऐकलाय? काळजी घेण्यालाही एक्स्पायरी डेट असते हे आपल्याला माणसांच्या बाबतीतही उशिराच कळतं. झाडांचं तर सोडाच.

असो. या वर्षी पाडव्याला करंजानं वेळेवर पालवी फोडली. रस्त्याकडच्या बाजूला अजून खिंडार आहे. कड्याच्या जागी खोडाला एक वेडावाकडा, जाडसर ओठ आलाय आणि लोखंडाचा थोडासा तुकडा आतून डोकावतो. "अजून तीन-चार वर्षं लक्ष ठेवा, लगेच पार्टी नको," असं काकूंनी बजावलंय. मेमध्ये फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडला. त्या दिवशी 'करंजी'वर सेक्रेटरी काकांचा मेसेज आला, 'माझ्या स्कूटरवर सगळी फुलं पडली आहेत. कृपया नोंद घ्यावी.'

पुढे स्मायली होता.

एवढं कराच!

• ट्री-गार्ड आणि खोड यांत तीन-चार बोटांचं अंतर उरलं नसेल, तर गार्ड काढण्याची वेळ झाली. वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या.

• रोपाला आधाराची काठी बांधताना सुतळी किंवा कापडी पट्टी वापरा, सैल आठच्या आकड्यात बांधा. पहिल्या वर्षानंतर सोडा.

• सणाची लायटिंग झाडावर लावलीच, तर सण संपल्यावर उतरवा. 'पुढच्या वर्षी उपयोगी पडेल' म्हणून ठेवू नका.

• रुतलेली वस्तू ओढू नका. गोल दोन-तीन ठिकाणी कापा, सुटेल तेवढं काढा, उरलेलं झाडावर सोडा.

• जखमेवर रंग, डांबर, सिमेंट काहीही नको. पाणी आणि मोकळी माती द्या.

• खोड कड्याजवळ फार बारीक झालं असेल, तर पावसाळ्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या. फांदी कापायची तर परवानगी घेऊनच.

• आणि हो, आपण ज्याच्याखाली चहा पितो त्या झाडाचं नाव माहीत करून घ्या. सुरुवात तिथूनच होते!